भंडारा लावलेला रेडिओ

आमचे जावई घरात आले की आधी फडताळाकडं बघतात, मंग माझ्याकडं. चपला काढताना बघतात, पायावर डोकं ठेवताना मान तिरकी करून बघतात. सासूच्या पाया पडणारा माणूस सासूच्या पायाकडं बघतो, एवढं मला समजतं. फडताळात देव न्हाईत. देव्हारा दुसऱ्या भिंतीला आहे. फडताळात आमच्या मालकांचा रेडिओ आहे.

जावयाचं नाव काकासाहेब. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर आहेत. बोलायला गोड, खायला कमी, दारूबिरूचं नाव न्हाई. आमच्या शीतलला कधी वाकडा शब्द बोलले न्हाईत. पोरीच्या आईला आणखी काय पाहिजे, असं साखराबाई म्हणती. साखराबाई माझी शेजारीण. तिच्या जावयानं तिची म्हैस परस्पर विकली, म्हणून तिला बाकीचे सगळे जावई सोन्याचे दिसतात.

काकासाहेबांना नाद आहे तो जुन्या रेडिओचा. टेप न्हाई, टीव्ही न्हाई. मोठे, लाकडी पेटीचे, आत बल्ब असलेले रेडिओ, आणि त्यातही ज्यांच्यावर सातासमुद्रापलीकडची स्टेशनं लागतात ते. शॉर्टवेव्हचे म्हणतात त्यांना. इतवार आला की गाडी काढायची आणि मंठ्याकडं, परतूरकडं, कुठंबी जायचं. ज्या घरातलं म्हातारं माणूस गेलंय त्या घरी बसायचं, चहा प्यायचा आणि माळ्यावर काय काय पडलंय ते हळूच इचारायचं. लोक म्हणतात, बघा, जालन्याचा साहेब माणूस आपल्या म्हाताऱ्याची आठवण काढून राह्यला. मला मेल्या घरावर घिरट्या घालणारं एक पाखरू आठवतं, पर जावई आहेत म्हणून त्या पाखराचं नाव घेत न्हाई.

आमचे मालक गेले तव्हा तेराव्याची पंगत बसली होती. सगळे ताटाकडं बघून राह्यले होते, हे फडताळाकडं. हात धुता धुता मला म्हणाले, “मामी, मामांचा रेडिओ आता कोण ऐकणार?”

“मी ऐकणार.”

“त्याच्यावर तर परदेशातलंच लागतं. तुम्हाला ती भाषा कळती?”

“त्यांना तरी कुठं कळत होती?”

त्या दिवशी मी फडताळाला पडदा लावला. त्या दिवसापासून जावई पडद्याकडं बघायला लागले.

आता तो रेडिओ काय होता ते सांगते, म्हणजे मी उगाच किटकिट करत न्हाई हे कळेल. लग्नाला थोडी वर्षं झाली होती. मंठ्याचा एक कापसाचा अडत्या हैदराबादला निघाला आणि आमचे मालक त्याच्या संगं गेले. जाताना मला म्हणले, येताना तुला पाटल्या आणतो. आले ते गोधडीत गुंडाळलेली पेटी घेऊन. तिथल्या कुण्या नवाबाच्या घरातून सारखे दोन रेडिओ विकायला निघाले होते, जर्मनीत बनलेले. एक अडत्यानं घेतला, एक ह्यांनी. जुळे भाऊच म्हणा, एक मंठ्याला गेला आणि एक आमच्या पिंपळगावात आला. पाटल्या कुठंच आल्या न्हाईत. वर्षभर मी त्या पेटीकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं.

मंग सवय झाली. सवतीची बी होती.

ह्या रेडिओला जल्दी बिलकुल नव्हती. कान पिरगाळला की आधी आत पिवळा उजेड यायचा, नुसता उजेड, आवाज न्हाई. मालक त्याच्यापुढं मांडी घालून बसायचे आणि मी तवा ठेवायची. पहिली भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची. ती टम्म फुगली की तिकडं घरघर व्हायची आणि आतला माणूस बोलायला लागायचा. रोज बराबर. त्याच्या पेटीचा माथा असा गरम व्हायचा की थंडीत आमची मांजर त्याच्यावर जाऊन निजायची. त्याची एक तार छपरावर गेल्ती आणि एक मोरीच्या कडेला जमिनीत पुरली होती. ती जमीन ओली लागायची. वाळली की आवाजात खडे यायचे, म्हणून भांड्याचं धुवण मी तिथंच वतायची.

एकदा मी मालकांना इचारलं, “एवढं कान लावून बसता, काय समजतं तुम्हाला?”

“समजलं असतं तर कव्हाच बंद केला असता,” असं म्हणले.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या अवजारांची पूजा होती. विळा, कुऱ्हाड, तिफणीचे फण, सगळं धुऊन पाटावर मांडतात. मालक त्याच रांगेत रेडिओ ठेवायचे. आमचं घर खंडोबाचं. आमच्यात अवजाराला कुंकू लावत न्हाईत, भंडारा लावतात, देवाची हळद. पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठ्यानं एकच ठिपका, दरसाली त्याच जागी. वरचं झटकून जायचं, पर खालचा पिवळा रंग लाकडाच्या आत उतरला होता.

मालक गेल्यावर मी रेडिओ चालू ठेवला. रोज तव्याच्या येळेला. मंग गेल्या दिवाळीच्या सुमाराला तो मुका झाला. उजेड यायचा, आवाज न्हाई. भाकरी फुगायची, करपायची, तरी न्हाई.

ही खबर जालन्याला कशी पोचली ते मला माहीत आहे. माझी सून वंदना आणि शीतल रोज फोनवर असतात. मी शिंकले तरी ते जालन्याला कळतं. पुढच्याच इतवारी जावई दारात हजर.

“मामी, द्या माझ्याकडं. मी नीट करून आणतो.”

“इथंच करा.”

“इथं कसं होईल? त्याला हत्यारं लागतात, पार्ट शोधावे लागतात.”

मी न्हाई म्हणले. शीतलचा फोन आला, “माय, ते एवढं प्रेमानं म्हणून राह्यले आणि तू त्यांच्यावर संशय घेती का?” पोरगा आदिनाथ म्हणला, “पडूनच हाय ना माय, नेऊ दे की.” वंदनानं तर पडदाच सरकवला. सगळं घर एका बाजूला झालं की मला आणखीच संशय येतो. पर मुका रेडिओ घेऊन मी तरी काय करणार होते? जाताना जावयाला एवढंच म्हणलं, “जसा नेला तसा आणा.”

“अगदी तसाच आणतो, मामी.”

हे ‘अगदी’ मला तव्हाच आवडलं न्हाई.

होळीच्या आधी घेऊन आले. नवा टॉवेल, पेढ्याचा पुडा, चेहरा असा की नवरदेवच आणलाय. फडताळात ठेवला, तार जोडली, कान पिरगाळला. आणि लगेच गाणं. उजेड आणि गाणं एकदमच. घरभर खणखणीत.

“मोबाईलवरचं बी लागतं ह्याच्यावर,” जावई म्हणाले. आदिनाथनं खिशातून मोबाईल काढून दाखवला, तर खरंच लागलं. वंदना हसली, साखराबाई दारातून बघून म्हणाली, “बाई, असा जावई दिव्यात वात घालून शोधला तरी सापडायचा न्हाई.”

मी म्हणलं, “एवढा लगेच कसा बोलला?”

“नवीन पद्धतीनं केलाय, मामी. आता वाट बघायचं काम न्हाई.”

“आणि ती परदेशातली स्टेशनं?”

“ती आता बंदच पडली. कोण ऐकतंय आजकाल?”

सगळे जेवायला गेले तव्हा मी पेटीच्या माथ्यावर हात ठेवला. गाणं चालूच होतं आणि माथा थंड. पाण्याच्या माठासारखा थंड. मंग वाकून उजवा कोपरा बघितला. ठिपका होता. त्याच जागी, तेवढाच. पर लाल.

आधी वंदनाला बाजूला घेऊन इचारलं, “तू कुंकू लावलं का रेडिओला?”

“मी कशाला लावू, आत्याबाई? आपल्यात लावतात का?”

तिचं तोंड बघितलं. खोटं बोलताना ती पदर नीट करती. पदर जागेवर होता.

मंग आदिनाथला म्हणलं, “हा आपला रेडिओ न्हाई.”

तो म्हणला, “माय, तेच बटन, तीच काच, तीच पेटी. आणि चालतोय ना? मंग?”

“चालतोय म्हणून तर म्हणते.”

“तुझं काय समजतच न्हाई. मुका होता तव्हा रडली, बोलला तर भांडती.”

पोराला काय सांगायचं? त्याला घरात गाणं वाजलं की झालं. मी रोज संध्याकाळी तवा ठेवायची, आणि त्याच्याकडं बघायचीच न्हाई. तो आपला बटन दाबताच बोलायला तयार. असं दाबताच बोलणारं माणूस मला कधी खरं वाटलं न्हाई.

ठिपक्याचं कोडं मोरीवर सुटलं. वंदनाच्या माहेरी हळद लागली होती, तिथून तिचं पातळ पिवळं होऊन आल्तं. ती मोरीवर साबण लावून घासायला बसली आणि पिवळे डाग लालभडक झाले. त्यात नवं काही न्हाई, हळदीला साबण लागला की ती लालच होती आणि साबण निघून वाळली की परत पिवळी, हे धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला इचारा. मी दाळ निवडत बसले होते. दाळ तशीच सुपात राहिली.

जावयानं आमची पेटी साबणाच्या पाण्यानं पुसली असणार. धुरानं मळलेल्या पेटीवरचा भंडारा त्यांना लाल झाल्यावरच दिसला असणार. आणि धुणं काही त्यांनी जन्मात धुतलं न्हाई, तव्हा त्यांना वाटलं, सासरच्या लोकांनी कुंकू लावलंय. मंग दुसरी पेटी आणली आणि तिला त्याच कोपऱ्यात कुंकू लावलं. दुसरी पेटी म्हणजे जुळ्यातली. मंठ्याच्या अडत्याचं म्हातारपणीच दिवाळं वाजल्तं, घरातलं सगळं भंगारात गेल्तं. आतला माल उंदरानं खाल्लेला असणार, पेटी तेवढी शाबूत. तिच्या पोटात बाजारातलं गाणं वाजवायचं काहीतरी बसवलं आणि आणून दिलं आम्हाला.

हे मी कुणाला सांगितलं असतं तर म्हणले असते, म्हातारीचं डोकं फिरलं. जावयावर चोरीचा आळ म्हणजे पोरीच्या संसारात निखारा. म्हणून आधी डोळ्यानं बघायचं ठरवलं.

ह्या साली अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो आणि लेक-जावयाला जेवायला बोलवावंच लागतं. जावयाला कपडे करावे लागतात. मी आदिनाथला म्हणलं, “जुन्या जालन्यात कापड चांगलं मिळतं, मी शीतलकडं एक मुक्काम करून घेऊन येते.” तो बघतच राहिला, कारण पाच वर्षांत मी जालन्याला पाय ठेवला नव्हता.

“एकटी जाती?”

“भोकरदनहून जालन्याची एसटी अजून चालती ना?”

शीतलनं दारात मिठी मारली. जावई कंपनीत होते. घर चकचकीत, मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला लागून, एक खोली, तिला कुलूप. “त्यांचे रेडिओ हायत आत,” शीतल म्हणाली. “चावी त्यांच्याजवळच असती. मी झाडू बी मारत न्हाई तिथं.”

दुपारी तिनं भांडी घासली आणि घासलेल्या भांड्याचं पाणी बादलीत धरलं. मला वाटलं झाडाला घालील. ती मागं गेली, त्या खोलीच्या भिंतीखाली एक तार जमिनीत गेल्ती, तिथं तिनं ते वतलं.

“हे काय करती?”

“त्यांनीच सांगितलंय. रोज ओलं ठेव म्हणतात.”

“कव्हापासून?”

“थंडीत. संक्रांतीच्या आसपास.”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. पोटची पोर. हिला माहीत आहे का न्हाई? पिंपळगावात मोरीच्या कडेला हेच करताना तिनं मला बघितलं न्हाई का? बघितलं असणार. पर ती रिकामी बादली हलवत घरात गेली आणि मला म्हणाली, “माय, चहा टाकू?” त्या दिवशी माझ्या लेकीवर बी माझा भरवसा राहिला न्हाई. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तेच लागलं.

संध्याकाळी जावई आले. मला बघून दचकले. पाया पडले, आणि ह्या खेपेला सरळ पायाकडंच बघितलं. बघायला दुसरं काही नव्हतं ना तिथं. कपड्याचं बोललो, उन्हाचं बोललो. मंग ते म्हणाले, “मी जरा आत बसतो, कंपनीचं काम हाय,” आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी शीतलला म्हणलं, “सरक, भाकरी मी करते.”

तवा ठेवला. पीठ मळलं. आत बटनाचा टक आवाज झाला, मी भाकरी थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. भिंतीपलीकडं काही न्हाई. उलटली. अजून न्हाई. गॅसवरची भाकरी चुलीसारखी फुगत न्हाई, पर फुगली, आणि ती फुगली तसं भिंतीपलीकडं हळू घरघर झाली, एक बारीक शीळ इकडून तिकडं गेली आणि कुठल्यातरी दूरच्या मुलखातला माणूस बोलायला लागला. बंद पडली म्हणले होते ना स्टेशनं? चोराला आणि नादिष्टाला एकच खोड, हात आवरत न्हाई. सासू भिंतीपलीकडं असली तरी आवरत न्हाई.

“माय, भाकरी करपली,” शीतल म्हणाली.

मी भाकरी उतरवली, हात पुसले आणि त्या दारावर थाप मारली.

आवाज लगेच बंद. दार जरा येळानं उघडलं.

“पाव्हणे, एवढ्या लांबून आले, तुमचा खजिना तरी बघू द्या.”

न्हाई कसं म्हणणार? भिंतीला फळ्या मारलेल्या, फळ्यांवर रेडिओच रेडिओ. कुणाला काच न्हाई, कुणाला बटन न्हाई, काही सोन्यासारखे लख्ख. खोटं कशाला बोलू, एकेकाला लेकरासारखं पुसलेलं होतं. ते मला सांगायला लागले, हा कुठला, तो कुठला, ह्याच्यासाठी पुण्याहून माणूस बघायला आल्ता. टेबलावर मधोमध एक पेटी होती, तिच्यावर नवा टॉवेल.

“हा कामून झाकला?”

“धूळ बसती, मामी.”

“बाकीच्यांवर बसत न्हाई का?”

ते हसले. मी टॉवेल उचलला न्हाई, नुसता वरून तळवा ठेवला. ऊब होती. आमच्या मांजरीची जागा. टॉवेल थोडा आखूड पडल्ता आणि उजवा कोपरा उघडा राहिला होता. साबणानं पुसलेला, फिकट झालेला, पर लाकडाच्या रेषांमध्ये पिवळा भंडारा जसाच्या तसा. त्याच्यावर आमच्या मालकांचा अंगठा कितीतरी नवम्यांना टेकला होता.

ओठापर्यंत शब्द आले. तेवढ्यात शीतल चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली, आणि मी ते शब्द चहाबरोबर गिळले. पोरीच्या घरात, पोरीच्या हातचा चहा पिताना, तिच्या नवऱ्याला चोर म्हणायचं न्हाई. माझ्या घरी म्हणायचं.

घरी आल्यावर आदिनाथला आणि वंदनाला सगळं सांगितलं. आदिनाथ आधी हसला, मंग थंड माथ्यावर हात ठेवून बघितला आणि हसायचा थांबला. “मी जातो आणि आणतो,” म्हणला.

“तू जाशील, ते म्हणतील हाच तुमचा, तो माझा. दोघं एकमेकांची गचांडी धरताल आणि शीतल मधी. काही करायचं न्हाई. पुरण घाला.”

“पुरण?” वंदना म्हणाली.

“धोंडे करायचे ना जावयाला? पुरणाशिवाय कसे होतील?”

धोंड्याच्या जेवणाला आमच्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, कपडे द्यायचे, आणि वाण द्यायचं. वाण झाकून देतात. घेणाऱ्यानं ते झाकलेलंच दोन्ही हातांनी घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि मंग उघडायचं. वाणाला न्हाई म्हणता येत न्हाई, परत देता येत न्हाई. आणि जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कुणी जेवत न्हाई. ही रीत काही मी काढलेली न्हाई, आमच्या गावच्या रेणुकाईच्या देवळाइतकी जुनी असंल.

दोघं सकाळीच गाडीनं आले. जावयांनी चपला काढल्या आणि फडताळाकडं बघितलं. पडदा ओढलेला होता. साखराबाईला मी मुद्दाम बोलवलं होतं. तिच्यासारखं दुसरं वर्तमानपत्र आमच्या गावात येत न्हाई.

ओवाळायचं काम माझं न्हाई, ते वंदनानं केलं. आदिनाथनं पाय धुतले. जावई नव्या कपड्यात शोभून दिसत होते, ते मी कबूल करते. शीतलची ओटी भरली. अनारशांचं ताट पुढं ठेवलं, त्याच्यात दिवा लावला. मंग मी म्हणलं, “आदिनाथ, ते मोठं वाण आण.”

त्यानं आतून आणलं. परातीत ठेवलेलं, वरून हिरवा खण.

“एवढं मोठं?” जावई हसत म्हणाले. “मामी, कशाला एवढा खर्चा?”

“खर्चा काहीच न्हाई, पाव्हणे. घ्या.”

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. परात मांडीवर घेतली, वाकून कपाळ टेकवलं. साखराबाईनं मान डोलावली. मंग त्यांनी खण काढला.

आतून तो रेडिओ त्यांच्याकडं बघून राह्यला होता. लाल ठिपक्याचा.

दिव्याची वात तडतडली तेवढी ऐकू आली. जावयांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मंग सगळं तोंड.

“मामी, हा तर तुमचाच रेडिओ हाय,” ते म्हणाले.

“नीट बघा.”

“मामांचाच हाय. मी नीट करून दिला तोच.”

“आमच्यात अवजाराला कुंकू लावत न्हाईत, पाव्हणे. भंडारा लावतात. तुम्ही साबणानं पुसला, हळद लाल झाली, तुम्हाला ते कुंकू वाटलं. बाकी सगळं तुम्ही बराबर केलं. पिवळा ठिपका तुमच्या टेबलावर टॉवेलाखाली हाय.”

साखराबाईनं तोंडाला पदर लावला. आदिनाथ भिंतीकडं बघत बसला.

जावई मान वर न करता बोलायला लागले. “मामी, बोलता होईल असा तो सेट ह्या भागात दुसऱ्या कुणाकडं न्हाई. मी बारा गावं पालथी घातली. तुमच्याकडं तो मुका पडला होता. इथं कुणी उघडून काहीबाही बसवलं असतं, न्हाईतर उंदरानं खाल्ला असता. मी त्याला बोलता केला. एकेक पार्ट शोधून. रोज संध्याकाळी लावतो मी त्याला, तुमची शपथ.”

“शपथ खाऊ नका. ऐकलाय मी, भाकरी करताना.”

शीतलनं तव्हा त्यांच्याकडं बघितलं. तसं बघायला मी तिला शिकवलं न्हाई, ते तिचं ती शिकली. मंग ओटीतले तांदूळ सांभाळत ती पाटावरून उठली आणि म्हणाली, “माझ्या हातानं तुम्ही त्याला पाणी घालून घेतलं. मला म्हणले भंगारातला हाय म्हणून.” बास, एवढंच. माझ्या मनात तिच्याबद्दल जे साचलं होतं ते तिथंच वाहून गेलं, पर तोंडावर मी काही दाखवलं न्हाई.

“ताई, बस,” वंदना म्हणाली.

“न्हाई. गाडीची चावी द्या, मी आणते.”

“तू बस,” मी तिला म्हणलं. “नेला कुणी?”

मंग मी जावयापुढं, त्या पाटासमोर, जमिनीवर बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. उभं राहून बोललं की माणसाला वाटतं शिव्या देऊन राह्यली. त्यांना म्हणलं:

“पाव्हणे, तुम्ही त्याला बोलता केला, ते उपकार मी मानते. ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पर बोलता झालेला माणूस घरी आणून सोडायचा असतो. तुम्ही त्याला ठेवून घेतला आणि त्याचे कपडे घालून दुसराच आमच्या घरात बसवला, आणि मला म्हणले, मामी, हाच तुमचा. मी मागितल्यावर न्हाई म्हणले असते तर नुसता लोभ झाला असता, लोभ मला कळतो. पर तुम्ही मला म्हातारी समजून फसवलं. म्हणून ऐका. मी तुम्हाला चोर म्हणत न्हाई, कारण तुम्ही पाटावर बसलेले हायत. पाटावरून उठला की तुमचं तुम्ही ठरवा. हे वाण तुम्ही कपाळाला लावलंय, ते परत होत न्हाई. हा रेडिओ तुमच्या टेबलावर मधोमध ठेवा, उघडा, टॉवेल न टाकता, आणि पुण्याचा माणूस बघायला आला की सांगा, हा सासूनं दिलाय आणि कामून दिलाय ते बी सांगा. आता उठा, गाडी काढा, जालन्याला जा आणि आमचा घेऊन या. ताट मी झाकून ठेवते. तुम्ही घास घेतल्याबिगर ह्या घरात कुणी जेवत न्हाई, तव्हा आम्ही सगळे उपाशी तुमची वाट बघत बसतो. तो रेडिओ त्या फडताळात बसंल, मी तवा ठेवीन, आणि पहिली भाकरी फुगल्यावर तो बोलला, तरच तुमच्या पानात धोंडा पडंल.”